कठड्याचा अर्ज

अर्ज साधाच होता. एक पान, दोन वाक्यं:
'उत्तरेच्या जिन्याला कठडा हवा.
उतरताना भीती वाटते.'
खाली सही, भुईवर रांगल्यासारखी: विनिफ्रेड ऑल्सप, वय एक्याऐंशी.
वेदीपुढची फुलं तीस वर्षं हीच बाई लावते,
आता अर्धांगाच्या झटक्यानंतर
एकट्या डाव्या हाताने.

मी इतिवृत्त लिहिते. लिंकनच्या टेकडीवर,
कॅथीड्रलच्या कचेरीत, रेडिएटरला पाठ लावून.
समितीत नऊ माणसं आणि बिस्किटांचा एक डबा.

नियम असा, की दगडाला हात लावण्याआधी दगडाला विचारायचं;
तो बोलत नाही, म्हणून या नऊ जणांना.
स्क्रू पिळायचा तर नकाशा. नकाशाला मोजणी,
मोजणीला परांची, परांचीला परवानगी,
आणि उन्हाळाभर परांची नाहीच,
कारण वर वटवाघळं व्यालेली असतात
आणि त्यांचा कायदा वेगळा;
त्यापुढे डीनसाहेबसुद्धा टोपी काढतात.

मग नोटीस. अठ्ठावीस दिवस.
ती मीच लावते, चार टाचण्यांनी,
दाराशेजारच्या फळ्यावर. दाराला टोचायचं नाही,
दाराची स्वतःची फाईल आहे, माझ्याहून जाड.

हरकत एकच आली. पाथरवट हेडन क्रॅग.
सगळ्यांना जिन्यात उभं करून त्याने विजेरी आडवी धरली:
उतरताना उजवीकडे, कमरेच्या उंचीवर
भिंतीला एक लांबलचक चमक,
जात्याच्या खुंट्यासारखी गुळगुळीत.
'कठडा आहेच की,' तो म्हणाला.
'सातशे वर्षांचे तळवे. यावर पितळ ठोकून
नक्की काय जपणार आहात?'

कोणी खोकलं. कोणी चष्मा पुसला.
मी लिहिलं: हातांनी झालेली झीज ही वास्तूचाच भाग समजावी.
मी लिहिलं: यापुढे तिथे हात लागू नयेत.
दोन्ही ओळी एकमेकींकडे बघत राहिल्या.
मी पान उलटलं.

शेवटी डावी भिंत सापडली.
दीडशे वर्षांपूर्वीची डागडुजी, कोणाचाच जीव नसलेली.
दुरुस्तीवर दुरुस्ती चालते, असं ठरलं.
डावा हात कोणाच्याच बोलण्यात आला नाही.
तो आपोआप जमून गेला, पत्त्यांत हुकूम यावा तसा.

अटी: स्क्रू दगडात नकोत, सांध्यातल्या चुन्यात.
चुना जुन्या पद्धतीचा. सिमेंट नाही, कधीच नाही.
आणि जे बसवाल ते काढता आलं पाहिजे,
मागे काही खूण न ठेवता.

हे वाक्य मी दरमहा टाईप करते.
परवा थांबले. बावीस वर्षांत मला इथे
काय काय बसवलं गेलं:
नावामागे लागलेलं नाव,
आरशाला धक्का लागला तरी तोंडून निघणारं 'सॉरी',
आईशी फोनवर बोलताना मध्येच अडणारा शब्द.
कुठल्या सांध्यात बसवलंय, नकाशा नाही.

चौदा महिने लागले.
तेवढे दिवस विनिफ्रेड बसून उतरली,
एकेक पायरी, मांडीवर फुलांची बादली,
आणि भेटली की विचारायची, 'वटवाघळं बरी आहेत ना?'

कठडा बसला त्या दिवशी पाऊस भुरभुरत होता. फोटो नाही, भाषण नाही.
हेडन खाली, मी वर, हातात पूर्ततेचा फॉर्म.
तिने पितळ धरलं. सोडलं. म्हणाली, 'गार आहे.'
मग डाव्या हाताने आपला उजवा हात उचलला,
झोपलेलं मूल उचलावं तसा,
आणि पलीकडच्या भिंतीवर, त्या चमकेवर
नेऊन ठेवला.

हेडनने विजेरी बंद केली.
फॉर्मवर एक रकाना होता: इतर निरीक्षणे.
मी आडवी रेघ मारली.
पुढची तपासणी पाच वर्षांनी.